दुसऱ्या भागातली दुपार

माझ्या मुलीच्या सिनेमाचा पहिला भाग पाहून लोक हसले होते, दुसरा पाहून किंचाळले. मधल्या काळात तिचा हात बसला, हे खरंच आहे. पण लोक सगळ्यात जास्त जिथे किंचाळले, तो तुकडा तिनं चित्रित केलेला नव्हता. तो मी दिला होता, आणि त्यातली बाई माझी आई होती. बोलायला बसलो की माझं तोंड मिटतं, म्हणून लिहितो आहे.

सिनेमा भुताच्या घराचा. कुणीतरी घरात कॅमेरा सोडून गेलं, पुढे तो कुणाला सापडला, आणि त्यात जे होतं तेच आपण बघतो आहोत, असं भासवायचं. पोरं त्याला फाउंड फुटेज म्हणतात. पहिला भाग तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यात केला होता. कॅमेरा सतत हलता, कुणीतरी सतत धापा टाकतंय, आणि शेवटी जिन्यावर पांढरा गाऊन घातलेली मुलगी. ऐन उन्हाळ्यात फरशी तापलेली, म्हणून तिनं चप्पल काढली नाही. ती चप्पल पडद्यावर दिसली. मैत्रिणीच्या गच्चीवर भिंतीला चादर बांधून आम्ही तो पाहिला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, भुताचे पाय पोळून राहिले!" सगळी गच्ची हसली. मीसुद्धा हसलो. मुलगी माझ्याकडे बघत होती ते मला उशिरा दिसलं.

दुसऱ्या भागाची तयारी करताना ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत फिरायची. दूधवाल्याला विचारला, तिच्या आईला विचारला. बायको म्हणाली, "पालीची." एकदा जेवताना तिनं मला विचारलं, "बाबा, तुम्हाला कशाची भीती वाटते? खरं सांगा, मला कामाचं आहे."

मी वरणात भात कालवत राहिलो. मग हात धुतले, मोबाइल काढला आणि जपून ठेवलेली दोन चित्रणं तिला पाठवली.  तेव्हा मला वाटलं होतं, मी तिला उत्तर दिलं. आज वाटतं, मी ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो.

त्या चित्रणांची गोष्ट सांगायची तर आधी ताईची सांगायला हवी. ताई माझ्याहून मोठी, नरखेड तालुक्यात दिलेली. घरची मोसंबीची बाग. आईला विसर पडायला लागला, माणसं ओळखू येईनात, तेव्हा ताई तिला न्यायला गाडी घेऊन आली होती. आईचं लुगड्यांचं गाठोडंही बांधून झालं होतं. मी नाही म्हणालो. चार नातेवाइकांसमोर म्हणालो, "तिथं खेड्यात काय आहे? इथं दवाखाने आहेत. मी नोकरी सोडतो, पण आईला सोडणार नाही." आणि खरंच मुदतीआधी निवृत्ती घेतली. हुडकेश्वरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, माझं नाव झालं. बायका आपल्या मुलांना माझं उदाहरण द्यायच्या. ताई रिकामी गाडी घेऊन परत गेली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुह्याजवळ हाय म्हनजे मले झोप लागंन."

ती नंतर जेव्हा जेव्हा फोन करायची, आई कशी आहे विचारायची, मी सांगायचो, मजेत आहे. आई गेल्यावरही ताई येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिली, की माह्या मायचे शेवटचे दिवस सुखात गेले, भावानं तळहातावर ठेवलं. तिच्या दुःखाला तेवढाच टेकू होता आणि तो माझ्या शब्दाचा होता.

आता कॅमेऱ्याचं. आई घराबाहेर निघून जाऊ लागली म्हणून तो हॉलच्या कोपऱ्यात वर लावला. कार्ड भरलं की तो जुनं आपोआप पुसून टाकतो, नवं ठेवतो. त्यात हॉल दिसतो, माझा दिवाण दिसतो आणि आईच्या खोलीचं दार दिसतं. बायको शाळेत, मुलगी तेव्हा पुण्याला वसतिगृहात. सकाळी सांभाळायला येणारी बाई आईला जेवू घालून जायची आणि दुपार आमच्या दोघांची. त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी दिवाणावर झोपलो होतो, कूलर पुरा सोडलेला. उठल्यावर मोबाइलवर बघितलं तर काहीतरी हललं म्हणून कॅमेऱ्यानं कळवलेलं. उघडलं. आई खोलीतून बाहेर येते. वेणी सुटलेली, केस पाठीवर. एक पाय ओढत, भिंतीला धरून माझ्यापर्यंत येते. उभी राहते. बराच वेळ नुसती उभी. मग मूठ आवळून माझ्या अंगावरून हात फिरवायला लागते, डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा डोक्यापासून. मग दोन्ही हात माझ्या तोंडाकडे, गळ्याकडे नेते.

तिथे मी ते बंद केलं. मोबाइलचा आवाज बंदच होता.  आई आत पलंगावर बसून पदराच्या दशा सोडवत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. मला तिची भीती वाटली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या आईची भीती वाटली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी झोपायच्या आधी तिच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागलो.

दुसरं चित्रण त्या कडीचं आहे. दार हलतं. थांबतं. पुन्हा हलतं. एवढंच. ते मी का जपून ठेवलं, मला सांगता येत नाही.

मुलीला दिलं तेव्हा दोन्हींचा आवाज काढून आणि पहिल्याचा शेवट कापून दिला. जिथपर्यंत मी पाहिलं होतं तिथपर्यंतच. तिनं ते दोनदा बघितलं.

"बाबा, ही आजी आहे?"

"हो. चेहरा कुठं दिसतो? पाठमोरी आहे."

"ती काय करतेय?"

"झोपेत चालायची."

"आणि हे दार?"

"हवेनं."

"वापरू मी? खरंच? आत्याला चालेल?"

"वापर वं. तिला कुठं ओळखू येणार आहे."

दिवाणावरच्या माणसाचा, म्हणजे माझा चेहरा मात्र धूसर कर, असं मी तिला सांगितलं. तिनं केला.

आता सिनेमा कसा झाला ते सांगतो, कारण तो चांगला झाला होता आणि तेवढं श्रेय तिचं आहे. पहिल्या भागात जे जे होतं ते तिनं काढून टाकलं. धापा नाहीत, पळापळ नाही, अंधारसुद्धा नाही. भर दुपार. कॅमेरा एका जागी खिळलेला. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. आमच्या हॉलसारखाच तिनं एका रिकाम्या घराचा हॉल सजवला होता, आणि त्यात कितीतरी वेळ काहीच होत नाही. कूलरच्या वाऱ्यानं पडदा हलतो. माठावरचा पेला चमकतो. काहीच होत नसलं की माणूस आपणच शोधायला लागतो. पडद्यामागे काही आहे का? मघाशी खुर्ची इकडे होती का? बघणाऱ्याला कामाला लावायचं, ही तिची युक्ती. मला ती ओळखीची वाटली, कारण मी महिनोन् महिने मोबाइलमध्ये माझं घर असंच बघत होतो.

धरमपेठेतला एक छोटा हॉल घेतला होता. एरवी तिथे गाण्याच्या क्लासचे कार्यक्रम होतात. ताई सकाळच्या एसटीनं आली, भाचीचा सिनेमा म्हणून नवं पातळ नेसून, मोसंबीची पिशवी घेऊन. पिशवी खाली ठेव म्हटलं तर ठेवेना, मांडीवरच घेऊन बसली. माझ्या शेजारी.

सुरुवातीला पुढच्या रांगेतली पोरं टर उडवत होती. "आता मांजर येईल, पाहजो." "नाही बे, दूधवाला येईल." हसू. मग हळूहळू आवाज कमी झाला. पडदा हलला तेव्हा कुणीतरी खुर्चीत सरकलं. आणि मग आमचं दार आलं. हलतं, थांबतं, हलतं. कडी स्पष्ट दिसते. पुढच्या रांगेतली पोरं ताठ बसली. दृश्य बदललं, आता कडी काढलेली आहे. ते मुलीनं जोडलं होतं. आणि चौकटीत माझी आई, केस सोडलेली, पाय ओढत. कुणाची तरी मुलगी "मम्मी" म्हणाली. आई झोपलेल्या माणसाजवळ उभी राहिली. मूठ फिरायला लागली. मुलीनं त्याखाली दिलेला सूर असा की खुर्चीचा दांडा थरथरतो. दोन्ही हात गळ्याकडे गेले, आणि पडदा काळा.

सगळा हॉल किंचाळला. एक बाई मोठ्यानं "अवं माय!" म्हणाली. त्या काळ्या पडद्यात मला काय वाटलं, ते इथे लिहायलाच हवं. मला बरं वाटलं. इतकी माणसं भ्याली, म्हणजे मी उगाच भ्यालो नव्हतो.

शेजारी ताई किंचाळली नव्हती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे आपलं घर हाय ना?"

"दिवाण तसाच आहे, इतकंच."

 सिनेमा संपल्यावर तिनं भाचीला जवळ घेतलं, "लई भेवाडलं वं पोरी," म्हणाली आणि तिच्या मित्रमैत्रिणींना मोसंबी वाटली. पोरं पाया पडली, तिनं आशीर्वाद दिले. ऑटोत तिनं सगळा रस्ता बाहेर बघितलं. घरी येऊन म्हणाली, डोकं दुखतं. आईच्या खोलीत झोपली. जायच्या आधी तिनं दाराची कडी बोटानं वरखाली करून बघितली. मी तिथेच उभा होतो.

सकाळी बायको शाळेत गेल्यावर ताईनं चहाचा कप ठेवला.

"मोबाइल आन."

"कशाला?"

"आईचं पाहाचं हाय. तुह्याजवळ पुरं असंन. आवाजासंगट."

मला नाही म्हणता आलं असतं. पुसलं म्हणता आलं असतं. मी आत जाऊन मोबाइल आणला. मुलगीही येऊन बसली. आवाज मोठा केला.

आधी नुसता कूलर. मग आईचा आवाज, बारीक, एका लयीत. आल्यागेल्याची, पाप्याची, रस्त्यावरची, कुणाकुणाची. मूठ फिरते आहे आणि ती म्हणते आहे. मुठीत ना मीठ ना मोहरी, तेवढंच ती विसरली होती. ताईनं तोंडाला पदर लावला. मी पूर्वी जिथे बंद केलं होतं ती जागा आली. हात माझ्या तोंडाकडे गेले, गालांवरून फिरले, आणि ते तिनं स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं मोडली. कडाकडा मोडली, कूलरच्या आवाजातसुद्धा ऐकू आली. "भारी नजर लागली माह्या लेकराले," ती म्हणाली आणि माझं पांघरूण नीट करून भिंत धरत परत खोलीत गेली.

"दृष्ट काढून राहिली होती रे तुही," ताई म्हणाली. "दिसलं नाही तुले? लहानपनी रोज काढे. अन् तू तिले भूत केलं."

"मी पुढचं बघितलंच नव्हतं ताई."

"काहून नाही पायलं?"

 तिनं मोबाइल माझ्याकडे सरकवला. "आता दाराचं लाव."

 मुलीनं माझ्या हातातून मोबाइल घेऊन लावलं. दार हललं. आतून आई. "बाबू," ती म्हणते, मला ती बाबूच म्हणायची, "दार फुगलं वाटते रे. जरासं लोट तिकून." थांबते. पुन्हा ढकलते. "झोपला असंन. झोप, झोप. मंग पाहू." कडीचा संशय तिला आला नव्हता. फुगलेलं दार म्हणून ती माझीच समजूत काढत होती.

आणि त्याच चौकटीत खाली दिवाण. सिनेमात मुलीनं तो भाग वगळला होता, फक्त दार मोठं केलं होतं. इथे पुरता दिसत होता. दिवाणावर मी. माझा पाय हलतो आहे. दार दुसऱ्यांदा हललं तेव्हा मी उठतो, कूलरचं बटन फिरवून तो वाढवतो आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवा होतो.

ताईनं ते परत लावायला सांगितलं. परत पाहिलं.

"तू जागा होता."

"हो."

"रोज?"

"बहुतेक दिवस."

"कधीलोक?"

"दवाखान्यात नेलं तोवर. दुपारचीच लावायचो. रात्री नाही." हे मी असं म्हणालो, जणू रात्री न लावणं हा माझा चांगुलपणा.

मुलगी उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही हवेनं म्हणाला होतात. झोपेत चालते म्हणाला होतात. मी शंभर लोकांसमोर..." ती आत्याकडे वळली. "मी तो सीन काढते आत्या. आजच काढते."

"काहून काढतं?" ताईचा आवाज चढला नव्हता. "लोक बराबर भेले. मी तिथंच भेली. दार हाललं तवाच. फकत त्या झोपलेल्याचं तोंड तू झाकलं वं. आईचं नाही दिसत ते ठीक. त्याचं काहून झाकलं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. सांगितलं नाही, की मीच सांगितलं होतं. तेवढी दया तिनं केली. मग मीच म्हणालो, "मी सांगितलं होतं."

 गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. ताईनं आपली पिशवी भरायला घेतली. भरता भरता म्हणाली, "भेव वाटत होतं तुले तिचं?"

आजवर ते कुणी मला विचारलं नव्हतं. बायकोनं नाही, डॉक्टरनं नाही. बायकोला कडीचं माहीत होतं का, हे मीही तिला कधी विचारलेलं नाही.

"हो," मी म्हणालो.

"मंग मले सांगाचं होतं. नेली असती मी. गाडी आनली होती. मले नाही वाटत मायचं भेव." आणि पिशवीची गाठ मारताना तिचे हात थांबले. "तुही लाज राहिली पाहिजे म्हनून माही माय कोंडली तू."

  चार माणसांसमोर मोठा शब्द देऊन बसलो होतो, आणि तो परत घ्यायचा म्हणजे फोन उचलून म्हणायचं, ताई, मला जमत नाही, ये आणि घेऊन जा. एक फोन. रोज सकाळी वाटायचं आज करू, आणि रोज दुपारी कडी लावायचो. लेआउटमधले लोक संध्याकाळी भेटले की विचारायचे, कशा आहेत आई, आणि मी हात जोडून म्हणायचो, तुमच्या आशीर्वादानं.

ताई दुपारच्या एसटीनं गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो. तिनं नाही म्हटलं नाही, पण पिशवीही माझ्या हातात दिली नाही. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "कॅमेऱ्यात आनखी हाय का आईचं?"

"कार्ड काढून ठेवलं आहे. शेवटचे काही आठवडे असतील."

"पोरीजवळ पाठव."

मुलीनं ताईचं ऐकलं नाही, तिनं तो सीन काढलाच. त्या जागी तिनं दुसरं काहीतरी केलं, एका मैत्रिणीला केस सोडून चालायला लावलं. सिनेमा तिनं नेटवर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, पहिला भाग बरा होता, निदान हसू तरी यायचं. मी ते वाचलं आणि माझ्या मनात आलं की तो सीन असायला हवा होता. इतकं सगळं झाल्यावरही आलं. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते. तिसरा भाग करणार का विचारलं तर म्हणाली, "बघू."

कार्ड घेऊन ती स्वतः ताईकडे गेली, तिथे राहून आली. ताईला मोठ्या टीव्हीवर ते लावायला शिकवून आली. तिनं सांगितलं, आत्या जेवण झालं की दार पुढं करून बसते आणि आजीचं बघते, आवाजासकट. आजी खोलीतून काही म्हणाली की आत्या हुं म्हणते. कधी उत्तर देते. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली? मुलगी म्हणाली, "तुम्ही पण दिसता ना बाबा त्यात. रोज."

परवा दुपारी मी हिंमत करून ताईला फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं उचलला. मागे कूलरचा आवाज येत होता, तिच्या घरचा की आमचा, कळलं नाही.

"ताई, मी बोलतोय."

"फोन मंग कर," ती म्हणाली. "आता मी आईले पाहून राहिली."